गंधाची घडण : व्हेरॉनिका रॉड्रिग्ज आणि जनुकांचे विकासजीवशास्त्र

प्रस्तावना

एका फलित अंड्यातून पूर्ण प्राणी कसा उभा राहतो, हा जीवशास्त्रातील सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी एक प्रश्न आहे आणि त्याचा शोध आजही संपलेला नाही. आरंभी एकच पेशी असते. तिच्या दोन होतात, दोनांच्या चार होतात आणि काही काळातच त्यांतल्या काही स्नायूंच्या, काही त्वचेच्या, तर काही मेंदूच्या होऊन बसतात. त्या सर्वांमधली जनुके, म्हणजे आनुवंशिक माहितीचे घटक, मात्र जवळजवळ तीच असतात. माहिती सारखी असताना पेशी वेगळ्या का होतात, त्या नेमक्या ठिकाणी आणि नेमक्या वेळी का होतात, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला विकासजीवशास्त्र म्हणतात. आर्थिक किंवा सामाजिक विकासाशी तिचा संबंध नाही. येथे विकास म्हणजे जीवाच्या शरीराची घडण.

मराठी वाचकाला या प्रश्नाची दोन टोके ओळखीची आहेत. मेंडेलची वाटाण्याची झाडे, गुणसूत्रे आणि आईवडिलांकडून येणारे गुण शालेय पुस्तकातून माहीत असतात, तर गर्भाची नऊ महिन्यांतली वाढ घराघरातून माहीत असते. या दोहोंच्या मधला प्रदेश, म्हणजे जनुकातली माहिती प्रत्यक्ष अवयवात कशी उतरते हा भाग, मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. त्यामुळे जनुक म्हणजे गुणाची चिठ्ठीच अशी समजूत रूढ झाली आहे: उंचीचे जनुक, बुद्धीचे जनुक, रागाचे जनुक. फळमाशीवर काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञ व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांचे जीवनकार्य मराठीत आणण्याचे मुख्य कारण हेच की ही समजूत किती अपुरी आहे, हे त्यांच्या संशोधनाच्या वाटचालीतून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही सर्वसाधारण विवेचनातून दिसत नाही. वास न घेऊ शकणाऱ्या फळमाशांपासून त्यांनी सुरुवात केली आणि वास घेणारे इंद्रिय व मेंदू मुळात बांधले कसे जातात या प्रश्नापर्यंत त्या पोचल्या. वर्तनाचे कोडे घडणीच्या इतिहासाशिवाय सुटत नाही, हे त्यांच्या कामातून हळूहळू आणि पुराव्यानिशी पुढे आले.

हा शोध ज्या परंपरेत बसतो ती समजून घेणे नव्या वाचकाला आवश्यक आहे. कोंबडीची अंडी दिवसामागून दिवस फोडून आतला गर्भ पाहण्याची रीत अॅरिस्टॉटलपासून चालत आलेली आहे. पुढे कित्येक शतके वाद चालला तो गर्भात सर्व अवयव सूक्ष्म रूपात आधीपासूनच असतात आणि ते फक्त मोठे होतात, की प्रत्येक अवयव नव्याने घडतो, याविषयी. कास्पार फ्रीडरिख वोल्फ यांनी १७५९ मध्ये दुसऱ्या मताची बाजू निरीक्षणांच्या आधारे मांडली आणि पुढच्या शतकात सूक्ष्मदर्शकाने तीच खरी ठरवली. यानंतर पाहण्याची जागा प्रयोगाने घेतली. विल्हेल्म रू यांनी १८८८ मध्ये बेडकाच्या दोनपेशीय गर्भातील एक पेशी तापलेल्या सुईने मारली, तेव्हा उरलेल्या पेशीतून अर्धाच गर्भ तयार झाला; थोड्याच वर्षांत हान्स ड्रीश यांनी समुद्री साळूच्या गर्भातील पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या, तेव्हा प्रत्येकीतून लहान पण संपूर्ण अळी तयार झाली. मेलेली पेशी चिकटून राहिल्यामुळे रू यांचा निकाल तसा आला होता, हे नंतर कळले. परंतु या विरोधातून जो विचार रुजला तो टिकला: पेशीचे भवितव्य तिच्या आतल्या सामग्रीवर जितके अवलंबून असते तितकेच तिच्या शेजाऱ्यांवरही असते.

या विचाराचा कळस म्हणजे हान्स स्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मॅंगोल्ड यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. त्यांनी न्यूट या उभयचर प्राण्याच्या एका गर्भातील एक छोटा तुकडा दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला आणि तेथे दुसरा गर्भाक्ष, म्हणजे पाठीच्या कण्याची व चेतारज्जूची पूर्वरूपे असलेली गर्भाची दुसरी रचना, उभी राहिली. दोन गर्भ वेगळ्या रंगांच्या जातींचे असल्यामुळे कोणती पेशी कोणाची हे ओळखता येत होते आणि त्यावरून दिसले की या दुसऱ्या गर्भाचा बराचसा भाग पाहुण्या तुकड्याचा नसून यजमानाच्याच पेशींचा होता. तुकड्याने त्यांना नवे काम दिले होते. अशा तुकड्याला संयोजक हे नाव मिळाले. स्पेमान यांना १९३५ चे नोबेल मिळाले, तर मॅंगोल्ड १९२४ मध्येच अपघातात मृत्यू पावल्या होत्या. विज्ञानातील श्रेयाच्या इतिहासात या बाईंचे नाव आवर्जून घेतले पाहिजे.

विचित्र गोष्ट अशी की नेमक्या याच काळात गर्भविज्ञान आणि जनुकशास्त्र यांच्या वाटा फुटल्या. टी. एच. मॉर्गन हे मूळचे गर्भवैज्ञानिक होते; १९१० मध्ये त्यांना फळमाशीत पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि त्या एका उत्परिवर्तनातून, म्हणजे जनुकातील वारशाने चालणाऱ्या बदलातून, गुणसूत्रांवर जनुके ओळीने मांडलेली असतात हे सिद्ध करणारी शाळा उभी राहिली. ही शाळा पिढ्यांचा हिशेब करी. गर्भवैज्ञानिक तुकडे कापून जोडत. त्या शाळेला घडणीच्या प्रक्रियेत रस नव्हता, गर्भवैज्ञानिकांना जनुकात. हा दुरावा मिटवणाऱ्यांत दोन नावे महत्त्वाची आहेत. स्पेमान यांच्याकडे शिकलेल्या सालोमे ग्लुकसोन-वेल्श यांनी अमेरिकेत जाऊन उंदरांच्या शेपटीचे दोष दाखवणाऱ्या उत्परिवर्तनांचा गर्भावस्थेत माग काढला आणि जनुक बिघडल्यावर घडणीची कोणती पायरी चुकते हे विचारण्याची रीत पाडली. दुसरे सी. एच. वॅडिंग्टन. त्यांनी पेशीच्या भवितव्याचे चित्र डोंगरउतार आणि दऱ्यांच्या रूपात काढले. बालाघाटाच्या माथ्यावर पडलेला पाऊस जसा आरंभी कोणत्याही बाजूला वळू शकतो पण एकदा ओघळीला लागला की दुसऱ्या ओघळीत जाणे त्याला उत्तरोत्तर अवघड होते, तसे पेशीचे होते असे त्यांचे म्हणणे होते आणि हा उतार जनुकांच्या परस्परक्रियांनी घडतो असे त्यांनी मानले.

वॅडिंग्टन यांच्या या विचारविश्वाचा धागा थेट पुण्याला येऊन पोचतो. लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरो येथे त्यांच्याकडे संशोधन केले. कोंबडीच्या गर्भातील आदिरेषेच्या, म्हणजे अक्ष ठरवणाऱ्या पहिल्या रेषेच्या, दोन्ही बाजूंचे भाग शेजारच्या पेशींवर कोणता परिणाम घडवतात याविषयीचा त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कोंबडीचा गर्भ अंड्याबाहेर, काचेच्या कडीवर ताणलेल्या पातळ पटलावर वाढवून त्यावर प्रयोग करण्याची परंपरा रुजवली. या पद्धतीला उबवणीचे यंत्र, काचसामान, ताजी फलित अंडी आणि कमालीचा स्थिर हात एवढेच लागे. पैशापेक्षा कौशल्य अधिक लागणारे विज्ञान त्या काळच्या विद्यापीठाला परवडणारे होते. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी सुरेंद्र घासकडबी यांनी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रा या गोड्या पाण्यातील लहानशा प्राण्यावर, तोडलेला भाग पुन्हा वाढवण्याच्या त्याच्या क्षमतेवर, दीर्घकाळ काम केले. महाराष्ट्रातील विकासजीवशास्त्राचे हे पहिले घराणे. त्याची योग्य ती दखल मराठीत घेतली गेलेली नाही आणि रॉड्रिग्ज यांच्यावरील पुस्तकातही ते वगळून पुढे जाणे अन्यायाचे ठरले असते.

दुसरे घराणे मुंबईचे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. ओबैद सिद्दीकी यांनी ग्लासगो येथे ग्विदो पॉन्टेकोर्व्हो यांच्याकडे जनुकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ मध्ये टाटा संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या संस्थेत जिवाणूंचे जनुकशास्त्र आणणे हाच त्या काळी धाडसी निर्णय होता. पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातील सीमोर बेन्झर यांच्यासह केलेल्या कामानंतर सिद्दीकी चेतासंस्थेकडे वळले. बेन्झर यांचा विचार साधा होता: जिवाणूत जसे उत्परिवर्तन करून रसायनांच्या साखळीतली प्रत्येक कडी शोधता येते, तशी माशीच्या वर्तनातलीही शोधता यावी. प्रकाशाकडे न जाणाऱ्या, दिवसरात्रीचे वेळापत्रक हरवलेल्या, तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माशा त्यांच्या प्रयोगशाळेत निवडल्या गेल्या होत्या. सिद्दीकींनी या पद्धतीला चव आणि वास या इंद्रियांकडे वळवले.

या वळणावर व्हेरॉनिका रॉड्रिग्ज मुंबईत आल्या. त्यांचा जन्म १९५३ मध्ये केनियात नैरोबी येथे, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झाला. नोकरीव्यवसायासाठी पूर्व आफ्रिकेत गेलेल्या गोवेकरांचा समाज तेव्हा तेथे मोठा होता. युगांडातील मकेरेरे विद्यापीठात त्यांनी शिक्षण सुरू केले, परंतु त्या देशातील राजकीय उलथापालथीमुळे त्यांना ते सोडावे लागले आणि डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी पूर्ण केली. तेथे असताना सिद्दीकींचे जिवाणूंच्या जनुकशास्त्रावरील काम त्यांच्या वाचनात आले व त्यांनी सिद्दीकींना पत्र लिहिले. पश्चिमेकडे शिक्षण झालेल्या तरुणीने पीएच.डी.साठी भारताकडे येणे हा प्रवाहाविरुद्धचा निर्णय होता, आणि ज्या देशात जन्म झाला नव्हता तोच देश त्यांनी कार्यभूमी म्हणून निवडला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात केंद्रस्थानी ठेवावी लागते.

त्या ज्या माशीवर काम करू लागल्या ती ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारे सुमारे अडीच-तीन मिलिमीटर लांबीचे चिलट; आंबा आणि पेरू किडवणारी, बागाईतदारांच्या तक्रारीतली फळमाशी ही वेगळ्या कुळातली आहे. ड्रोसोफिलाला गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या असतात आणि २५ अंश सेल्सिअसला सुमारे दहा दिवसांत अंड्यापासून प्रौढ माशी तयार होते. माशीला साखर आवडते, तीव्र मीठ नको असते, काही गंधांकडे ती ओढली जाते तर काहींपासून दूर पळते. रॉड्रिग्ज आणि सिद्दीकी यांनी उत्परिवर्तन घडवणारे रसायन माशांना देऊन त्यांच्या संततीतून चव किंवा वास यांत चुकणाऱ्या माशा निवडल्या. उत्परिवर्तने एक्स गुणसूत्रावरील निवडण्यामागे युक्ती अशी की नराला एक्स गुणसूत्र एकच असते, त्यामुळे त्यावरचा दोष दुसऱ्या निरोगी प्रतीखाली झाकला जात नाही. १९७८ मध्ये या दोघांचा निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि वास व चव यांच्या जनुकीय विच्छेदनाचा तो आरंभ मानला जातो. या कामाचे पुढचे टोक म्हणून, चवीच्या चेतापेशींची निवडक्षमताच बदलणाऱ्या एका जनुकाचा शोध या गटाने १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला.

येथे काळाचा एक संदर्भ नजरेआड होऊ नये. गंध ओळखणारी रेणवीय ग्राहके, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील गंधरेणूंना पकडणारी प्रथिने, कोणत्याही प्राण्यात प्रथम सापडली ती १९९१ मध्ये, उंदीरवर्गीय प्राण्यात, लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना; फळमाशीतली १९९९ मध्ये. म्हणजे रॉड्रिग्ज यांनी हे क्षेत्र निवडले तेव्हा वास कसा ओळखला जातो याचा एकही रेणू हाती नव्हता. बक आणि अॅक्सेल यांना २००४ मध्ये नोबेल मिळाले आणि ते योग्यच होते. परंतु त्याआधीची दोन दशके मुंबईत जे खोदकाम चालले होते त्याची नोंद आपल्याकडच्या विज्ञानलेखनाने ठेवली नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

पीएच.डी.नंतर रॉड्रिग्ज जर्मनीतील ट्युबिंगेन येथे गेल्या. एरिख बुखनर यांच्यासह त्यांनी किरणोत्सारी शर्करासदृश पदार्थ वापरून एक पद्धत माशीवर बसवली: जी चेतापेशी जास्त काम करते ती जास्त साखर खेचते, म्हणून वास देत असताना मेंदूच्या कोणत्या भागात तो पदार्थ साठतो हे पाहिले की कोणता भाग जागा झाला ते कळते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात आणि १९८८ च्या पुढील निबंधात त्यांनी दाखवले की निरनिराळे गंध मेंदूच्या गंधखंडात निरनिराळ्या ठिकाणी क्रिया जागवतात. गंधखंड म्हणजे माशीच्या मेंदूतील जोडीचा गोलसर भाग. त्यात सुमारे पन्नास लहान गुच्छ असतात आणि शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, व तोंडाजवळचे स्पर्शक यांतून आलेले चेतातंतू या गुच्छांत ठरलेल्या जागी शिरतात. गंधाचा नकाशा असतो, हे या कामाने पुढे आणले. आणि नकाशा असतो म्हटल्यावर तो काढतो कोण, हा प्रश्न आपोआपच उभा राहिला.

हाच प्रश्न रॉड्रिग्ज यांना विकासजीवशास्त्राकडे घेऊन गेला, आणि त्यांच्या कार्याचा सर्वांत समृद्ध भाग येथून सुरू होतो. तोपर्यंत जगभरात माशीच्या घडणीचे जनुकशास्त्र कमालीचे पुढे गेले होते. एडवर्ड लुईस यांनी शरीराच्या खंडांना ओळख देणारी जनुके उलगडली होती, तर क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी १९८० मध्ये अळीच्या खंडरचनेत बिघाड घडवणाऱ्या जनुकांची पद्धतशीर यादी प्रसिद्ध केली होती. तिघांना १९९५ चे नोबेल मिळाले. या ज्ञानाची धार रॉड्रिग्ज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शृंगिकेला लावली. शृंगिकेच्या तिसऱ्या खंडावर वास टिपणारे बारीक केस तीन प्रकारचे असतात. टाटा संस्थेत परतलेल्या रॉड्रिग्ज यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेने दाखवले की ‘एटोनल’ हे जनुक, जे आधी माशीच्या डोळ्यातील आणि ताण ओळखणाऱ्या इंद्रियातील चेतापेशींसाठी प्रसिद्ध होते, तेच या तीनपैकी एका प्रकारच्या केसांची ओळख ठरवते. ते नसेल तर तो प्रकार शृंगिकेवर उगवतच नाही.

त्याहून महत्त्वाचे निरीक्षण २००० मध्ये आले. ‘एटोनल’च्या वंशातून येणाऱ्या पेशींतूनच शृंगिकेतील बहुतेक ग्लिया पेशी, म्हणजे चेतापेशींना आधार आणि आवरण देणाऱ्या पेशी, निपजतात, त्या वंशाचा अभाव असला की उरलेल्या चेतापेशींचे तंतू नीट जुडगा बांधू शकत नाहीत आणि मेंदूकडे जाणारी त्यांची वाट बिघडते. एका जनुकाच्या बिघाडाचा परिणाम अशा रीतीने ज्या पेशीत ते चालते तिच्यापुरता राहत नाही, तो शेजाऱ्यांच्या मार्गापर्यंत आणि मेंदूच्या रचनेपर्यंत पोचतो. माशीची गंधसंवेदना बिघडली म्हणून वासाचे जनुक सापडले असे म्हणता येत नाही, ते कोठे, कधी आणि कोणाच्या शेजारी काम करते हे शोधावे लागते. जनुकाकडे चिठ्ठी म्हणून पाहणाऱ्या समजुतीला याहून थेट उत्तर क्वचितच मिळाले असेल.

पुढे बासेल येथील हाइनरिख राइखर्ट यांच्यासह झालेल्या कामातून २००८ मध्ये असे दिसले की गंधखंडातील दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या चेतापेशी, खंडाच्या आतच राहणाऱ्या आणि पुढे संदेश नेणाऱ्या, एकाच मूळ पेशीच्या वंशातून येऊ शकतात. त्यांच्या सहभागाने झालेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सवय या अनुभवाचा पाया गंधखंडातल्या स्थानिक, रोखून धरणाऱ्या चेतापेशींत शोधला: एकच वास सतत आला की त्या पेशींचा रोध वाढतो आणि प्रतिसाद मंदावतो. घडणीच्या अभ्यासातून निघालेला धागा असा पुन्हा वर्तनाला जाऊन मिळाला.

टाटा संस्थेतील जीवशास्त्र विभागाचे नेतृत्व केल्यानंतर रॉड्रिग्ज बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात गेल्या, जे सिद्दीकींनीच उभारले होते. तेथील जीवशास्त्रज्ञ के. विजयराघवन यांच्याशी त्यांचे वैज्ञानिक सहकार्य दीर्घ राहिले. कर्करोगाशी झुंजत असतानाही त्यांनी प्रयोगशाळा आणि विद्यार्थी सोडले नाहीत. १० नोव्हेंबर २०१० रोजी त्यांचे निधन झाले.

आज या विषयाचे महत्त्व वाढले आहे ते दोन कारणांनी. जनुकांत नेमका बदल करण्याची साधने हाती आली आहेत आणि एखाद्या जनुकाचा बदल शरीरात कोठवर पसरेल याचा अंदाज विकासजीवशास्त्राशिवाय बांधता येत नाही. दुसरे असे की २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा, सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशींचा, जोडणीसह नकाशा प्रसिद्ध झाला आहे. जोडणी कशी आहे हे दिसले, ती तशी का झाली हे विचारण्याचे काम ज्यांनी आधीपासून केले त्यांचे निबंध आता नव्याने वाचले जातील.

धाराशिव जिल्ह्यासारख्या ठिकाणच्या वाचकासाठी हा विषय दूरचा नाही. येथल्या उस्मानाबादी शेळीला जुळी करडे होण्याचे प्रमाण चांगले आहे आणि एकाच पोटातून येणाऱ्या करडांतला फरक शेळीपाळ रोज पाहतो. त्यामागची घडण विचारण्याची सवय मात्र शाळेतून लावावी लागते. ड्रोसोफिलाला पिकलेले केळे, काचेची बाटली आणि कापसाचा बोळा पुरतो, कोंबडीचे फलित अंडे गावातच मिळते, आणि दहावीच्या विद्यार्थ्यालाही भिंगाखाली अळी, कोष आणि माशी या अवस्था मोजता येतात.

प्रस्तुत पुस्तकाचा हेतू रॉड्रिग्ज यांचे गौरवचरित्र लिहिण्याचा नाही. त्यांच्या प्रश्नांचा क्रम वाचकाला स्वतः चालून पाहता यावा, म्हणून प्रयोगांची मांडणी, त्यांतील तुलनेच्या नियंत्रक माशा आणि फसलेली अनुमाने यांना जीवनप्रसंगांइतकीच जागा दिली आहे. पुणे आणि मुंबई ही दोन्ही घराणी एका पुस्तकात आणण्याचे कारण, एकाने गर्भ हाताने उलगडला आणि दुसऱ्याने जनुकाने, हे शेजारी ठेवल्यावरच दिसते. संज्ञांबाबत, जेथे मराठी पाठ्यपुस्तकांतील शब्द स्थिरावले आहेत तेथे तेच वापरले आहेत आणि जेथे नाहीत तेथे प्रयोगशाळांत बोलला जाणारा शब्द देवनागरीत ठेवून अर्थ सांगितला आहे. माशी आणि कोंबडीपुरतेच विवेचन ठेवल्यामुळे वनस्पतींची घडण हा मोठा विषय बाहेर राहिला आहे. त्यासाठी स्वतंत्र पुस्तक लागेल.

बेंबळी, जि. धाराशिव